माप कोणाचे? ज्येष्ठांच्या स्मृतिचाचण्या आणि वर्धा जिल्हा : प्रस्तावना

म्हाताऱ्या माणसाची स्मृती तपासायला डॉक्टर ज्या छापील चाचण्या वापरतात, त्यांतली सर्वांत प्रसिद्ध चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. मार्शल फोल्स्टाइन, सुझन फोल्स्टाइन आणि पॉल मॅकह्यू या तिघांनी ती रचली. मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, म्हणजेच एमएमएसई, हे तिचे नाव. दहा मिनिटांत उरकणारी आणि तीस गुणांची ही परीक्षा आहे. पुढे असा प्रघात पडला, की चोविसाच्या खाली गुण आले तर डिमेन्शियाची शंका घ्यायची. पुण्यामुंबईतल्या मज्जाविकारतज्ज्ञापासून जिल्ह्याच्या गावी नुकत्याच रुजू झालेल्या निवासी डॉक्टरपर्यंत ‘चोवीस’ हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तो कोणाच्या मापाने ठरला, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी आहे.

प्रश्न किती जुना आहे हे अमेरिकेतल्याच आकड्यांवरून कळते. १९९३ साली तिथल्या अठरा हजारांहून अधिक प्रौढांचे या चाचणीतले गुण वय आणि शिक्षणानुसार मांडून प्रसिद्ध झाले. नऊ किंवा त्याहून जास्त वर्षे शाळा शिकलेल्यांचा मध्यक २९ होता. पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांचा २६, आणि चार किंवा त्याहून कमी वर्षे शिकलेल्यांचा २२. म्हणजे शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या अमेरिकन माणसांपैकी निम्मी माणसे बावीस किंवा त्याखाली होती. चोविसाची फूटपट्टी लावली तर त्या गटातली निम्म्याहून अधिक माणसे संशयित ठरतात. एवढ्या साऱ्यांना एकदम आजार जडला नव्हता. परीक्षाच शाळेची होती.

आता वर्धा जिल्ह्याकडे या. आज पंचाहत्तरी गाठलेली माणसे स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मली. त्या वेळी हा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. महाराष्ट्र व्हायला अजून बराच अवकाश होता. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८.३३ टक्के होती, आणि स्त्रियांची नऊ टक्क्यांच्याही आत. २०११ ला वर्धा जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८७ टक्क्यांवर पोचली खरी, पण ती सात वर्षांवरील सगळ्यांची. सरासरीच्या त्या आकड्यात नात मोजली जाते, तिच्याबरोबर आजीही मोजली जाते. दवाखान्यात तपासणीला मात्र आजी येते.

या आजीआजोबांना ‘अशिक्षित’ आणि ‘शिक्षित’ अशा दोन रांगांत उभे करणेही बरोबर नाही. जुनी चौथी झालेला शेतकरी आज हिशेबाची वही लख्ख वाचतो. सातवीनंतरची व्हर्नाक्युलर फायनल झालेला माणूस त्या काळी मास्तर होत असे. आजच्या तक्त्यात मात्र तो ‘सात वर्षे शिक्षण’ या रकान्यात बसतो आणि दहावी नापास झालेल्या मुलाच्याही खाली जातो. इथे आणखी एक खास गोष्ट आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नयी तालीम उभी राहिली. सेवाग्रामच्या शाळेत मुले टकळीवर सूत कातत, वाफे आखत आणि त्यातून हिशेब, भूगोल, विज्ञान शिकत. त्या शाळेतली पाच वर्षे आणि पाढे घोकून घेणाऱ्या दुसऱ्या एखाद्या शाळेतली पाच वर्षे एकाच मापाची कशी धरायची? आणि १९८८ नंतरच्या साक्षरता मोहिमेत पन्नाशीला सही करायला शिकलेली बाई कुठल्या रकान्यात घालायची? तिला विचारले तर ती अभिमानाने ‘साक्षर’ सांगते, पण तिच्या हाताला पेन्सिलीची सवय नसते.

भाषेचेही तसेच आहे. घरात वऱ्हाडी वळणाची बोली, बाजारात हिंदी, कागदावर प्रमाण मराठी. गोंड आणि कोलाम कुटुंबांतल्या जुन्या माणसांची पहिली भाषा तर द्रविड कुळातली. अनेक भाषांत वावरण्याचा मेंदूला फायदा होतो, असे हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या ६४८ डिमेन्शियाग्रस्तांच्या अभ्यासातून २०१३ साली दिसले. द्वैभाषिकांमध्ये आजाराची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि निरक्षर द्वैभाषिकांतही हा फरक होता. म्हणजे शाळा चुकली तरी मेंदूची मशागत थांबलेली नसते. चाचणीला मात्र ती मशागत दिसत नाही, कारण चाचणी ती विचारतच नाही.

चाचणी काय विचारते ते जवळून पाहू. समजा, देवळी तालुक्यातल्या एका घरी पंचाहत्तरीची, शाळेत कधीच न गेलेली आजी ओसरीवर बसली आहे. तपासणारा विचारतो, आज तारीख काय? आजी म्हणते, “तारीख मले नाई सांगता येत बाप्पा. पन परवा पोळा हाय.” साल? “ते पोरगं सांगन.” महिना विचारल्यावर ती ‘श्रावन’ सांगते, आणि तपासणारा कडक असेल तर तोही गुण कापला जातो. वार आणि ऋतू ती बरोबर सांगते. गाव, जिल्हा, राज्य सांगते. ‘आपण कितव्या मजल्यावर आहोत’ या प्रश्नाला ती आधी वर आढ्याकडे बघते, मग हसते. तपासणारा तिथे शून्य टाकतो. पुढे शंभरातून सात वजा करत पाच पायऱ्या उतरायच्या असतात. आजी पहिल्याच पायरीला “मी काई शाळेत गेली नाई” म्हणून हात जोडते. मग कागदावरची सूचना वाचून डोळे मिटायचे, एक वाक्य लिहायचे, एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढायचे. या तिन्ही ठिकाणी ती थांबते. गुण मोजा : तारीख, साल, महिना मिळून तीन गेले, मजल्याचा एक, वजाबाकीचे पाच, वाचन-लेखन-चित्राचे तीन. बारा वजा झाले, उरले अठरा. सांगितलेले तीन शब्द तिने पाच मिनिटांनी जसेच्या तसे परत सांगितले, वस्तूंची नावे सांगितली, सूचना पाळल्या. स्मृती शाबूत आहे. तरी कागद म्हणतो, अठरा.

त्याच आजीला कापूस वेचणीची मजुरी विचारून पाहावी. बावीस किलो वेचला, दहा रुपये किलोने दोनशे वीस, त्यातून पन्नासची उचल गेली, एकशे सत्तर हातात. हा हिशेब ती बोलता बोलता करते आणि मालकाची चूकही काढते. लक्ष एकाग्र करणे आणि आकडे मनात धरून ठेवणे, हीच तर त्या वजाबाकीमागची क्षमता. ती तपासायला शंभर आणि सात हेच आकडे लागतात, असे कुठे आहे?

दुसरी प्रचलित चाचणी, मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, २००५ सालची. ती अधिक बारीक आहे आणि म्हणूनच इथे अधिक अडते. आकडे आणि अक्षरे आलटून पालटून रेघेने जोडा, घड्याळाचा चेहरा काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा, असे तिचे प्रश्न. शिक्षण बारा वर्षे किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून द्यावा, अशी सवलत तिच्यात होती. म्हणजे बारावी झालेल्या माणसाला एक गुण आणि शाळेची पायरीही न चढलेल्यालाही एकच. साम्य ओळखण्याच्या प्रश्नात ती नमुना म्हणून संत्रे आणि केळे देते. दोन्ही फळे, हे अपेक्षित उत्तर. कारंजा, आष्टी, आर्वीकडच्या संत्राबागायतदाराला हे विचारले, तर तो दोन्हींचे पाणी, खत आणि भाव यांतला फरक आधी सांगेल. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांना १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांकडून हाच अनुभव आला होता. वस्तू वर्गात बसवण्याऐवजी ती माणसे त्या कामाच्या संदर्भात जोडत. करवत, कुऱ्हाड, हातोडा आणि ओंडका यांतून वेगळा कोण, असे विचारले तर वेगळे कोणीच नाही, कारण ओंडका नसेल तर करवत चालवायची कशावर? अमूर्त वर्गवारी ही शाळेची शिकवण आहे. ती नसणे म्हणजे बुद्धी नसणे नव्हे, आणि ती गेली असे म्हणायला ती आधी असावी लागते.

भारतात या अडचणीला पहिले पद्धतशीर उत्तर हरियाणातल्या बल्लभगढला शोधले गेले. मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली तिथल्या मुख्यतः निरक्षर ग्रामीण ज्येष्ठांसाठी हिंदी रूपांतर प्रसिद्ध केले. ते नुसते भाषांतर नव्हते. शंभरातून सातऐवजी वीसमधून तीन वजा करायचे. ‘डोळे मिटा’ हे वाचायला देण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि समोरच्याने तसेच करायचे. वाक्य लिहायचे नाही, तोंडी सांगायचे. आकृती सोपी केली. सालाऐवजी दिवसाची वेळ विचारली. लक्षात ठेवायचे शब्द घरातलेच. प्रत्येक बदल करताना एकच कसोटी ठेवली : मूळ प्रश्न ज्या क्षमतेसाठी होता, तीच क्षमता तपासली जावी. नायजेरियातल्या इबादानमध्ये संशोधकांनी पेन्सिलीऐवजी काड्या मांडून आकृती करायला लावणारी चाचणी केली. ऑस्ट्रेलियात वेगवेगळ्या देशांतून येऊन स्थायिक झालेल्यांसाठी २००४ साली रुडास ही चाचणी आली. जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत माणसे याच अडचणीशी झुंजत होती.

तरीही प्रश्न बदलले म्हणजे काम संपले, असे नाही. प्रश्न कितीही आपले वाटले, तरी तीसपैकी एकवीस मिळाले तर ते ठीक की कमी, हे सांगायला तुलनेचा आधार लागतो. निरोगी माणसांच्या गटाला त्याच परिस्थितीत किती गुण पडतात, हे आधी मोजून ठेवावे लागते. त्या आकड्यांना मानके म्हणतात. ती तयार करायला किती कष्ट पडतात याची कल्पना साध्या गणितावरून येईल. वयाचे तीन गट धरले, शिक्षणाचे चार आणि स्त्री-पुरुष असे दोन, तर चोवीस खाने होतात. प्रत्येक खान्यात पन्नास माणसे हवीत म्हटले तरी बाराशे निरोगी ज्येष्ठ लागतात. त्यात ऐंशी ओलांडलेल्या, दहावी झालेल्या ग्रामीण स्त्रिया पन्नास मिळवायच्या म्हणजे आठही तालुके पालथे घालावे लागतील, आणि तरीही खाना भरेलच असे नाही. म्हणून हल्ली खान्यांऐवजी समीकरणाने अपेक्षित गुण काढतात. वय, शाळेची वर्षे, लिंग यांवरून या व्यक्तीला साधारण किती गुण पडायला हवेत, आणि प्रत्यक्षात किती पडले, हा फरक पाहतात.

यात एक पेच आहे. निरोगी माणसे निवडायची तर आधी आजारी कोण हे कळले पाहिजे, आणि आजारी कोण हे ठरवायलाच तर चाचणी हवी. दोन वाटा आहेत. एक, चाचणी बाजूला ठेवून रोजच्या व्यवहारावरून माणूस निवडायचा. दुसरी अधिक खात्रीची, पण वेळखाऊ : त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा भेटायचे आणि जी तोवर धडधाकट राहिली, त्यांचेच पहिले गुण मानक म्हणून ठेवायचे. या दुसऱ्या वाटेला एकाच गावात वर्षानुवर्षे जाणारी संस्था लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. मानकाची खालची सीमा पाच टक्क्यांवर ठेवली, तर शंभर निरोगी माणसांतली पाच त्या सीमेखाली पडणारच. चाचणीत कमी गुण म्हणजे पुढे तपासा, एवढाच त्याचा अर्थ. निदान त्यानंतरची गोष्ट.

मानकांच्या बाजूने इतके बोलल्यावर त्यांच्या धोक्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण या विषयातला खरा वाद तिथे आहे.

अंगणवाडीत भिंतीवर मुलांच्या वजनाचा तक्ता असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेली ती वाढीची मानके सहा देशांतल्या मुलांवरून केली, आणि त्यांत दिल्लीची मुलेही होती. पोटभर खायला मिळाले आणि आजारपण कमी असले, तर जगभरची मुले पहिली पाच वर्षे जवळपास सारखीच वाढतात, हा त्यातला निष्कर्ष. म्हणून तक्ता सगळ्यांना एकच. समजा, कोणी म्हणाले, आमच्या भागातली मुले बारीकच असतात, त्यांच्यासाठी वेगळा तक्ता करू. तर कुपोषण कागदावरून नाहीसे होईल आणि मूल मात्र उपाशीच राहील. मग म्हाताऱ्यांसाठी वेगळी मानके मागताना आपण हेच करत नाही का? शाळा नाकारली गेलेल्या बाईचे गुण कमी, म्हणून तिची सीमाच खाली आणायची. यात त्या नाकारण्यावर पांघरूण पडत नाही का?

पडू शकते. अमेरिकेत पडले. तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने डोक्याला मार बसून मेंदू कमजोर झालेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देण्याचे मान्य केले. भरपाईसाठी चाचण्या झाल्या, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंचे गुण कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या मानकाशी ताडले गेले. त्यांची सुरुवातच कमी होती असे गृहीत धरल्यामुळे घसरण कमी दिसली आणि अनेकांना पैसे नाकारले गेले. दोन माजी खेळाडू २०२० साली न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये लीगला ही पद्धत सोडण्याचे कबूल करावे लागले. मानक वंशावर बेतले, की ते वंशाबद्दलचे जुने मत विज्ञानाच्या कपड्यांत घालून परत आणते. आपल्याकडे वंशाच्या जागी जात बसायला फार वेळ लागणार नाही. म्हणून इथेच ठामपणे सांगितले पाहिजे : जातनिहाय किंवा धर्मनिहाय मानके नकोत. जे गुणांवर खरोखर परिणाम करते ते मोजावे. शाळेची वर्षे, शाळेचा दर्जा, वाचता येते की नाही, घरची भाषा, कान आणि डोळे. पूर्वास्पृश्य वस्तीतल्या आजोबांना शाळेच्या व्हरांड्याबाहेर बसवले गेले असेल, तर त्याचा परिणाम शाळेच्या वर्षांत आणि दर्जात दिसतो. त्यासाठी जातीचा रकाना लागत नाही. आणि आंबेडकरी चळवळीने ज्या घरांत शाळेची ओढ लावली, तिथल्या माणसाला केवळ जातीवरून खालच्या मानकात टाकणे हा तर दुहेरी अन्याय.

या कोड्याची उकल दोन प्रश्न वेगळे केल्याने होते. समाजात कोणाचे किती नुकसान झाले, हा एक प्रश्न. त्याला एकच माप हवे, अंगणवाडीच्या तक्त्यासारखे. समोर बसलेल्या या बाईचा मेंदू आजारामुळे ढासळू लागला आहे का, हा दुसरा. त्याला तिच्यासारख्यांचे माप हवे, आणि त्याहून चांगले म्हणजे तिचेच जुने माप. पहिला प्रश्न जिल्हा परिषदेने, सरकारने, संशोधकांनी विचारायचा, दुसरा डॉक्टरने. गोंधळ होतो तो एकाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यावर. डॉक्टरने सामाजिक मापाने निदान केले, तर निरक्षर सारे आजारी ठरतात. सरकारने निदानाच्या मापाने समाज मोजला, तर शाळा न मिळाल्याने काही बिघडलेच नाही असे दिसते.

बिघडते हे तर आता सिद्धच आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके मांडले. लहानपणी कमी शिक्षण मिळणे, ऐकू कमी येणे, नजर अधू होऊन तशीच राहणे हे त्यांत आहेत. आपल्याकडचे सर्वांत मोठे आकडे लासी-डॅड या अभ्यासाचे आहेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा वार्धक्याचा जो देशव्यापी पाहणीप्रकल्प आहे, त्यातल्या साठीपुढच्या ४,०९६ जणांची सखोल तपासणी अठरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत झाली. निष्कर्ष असा की साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, डिमेन्शिया आहे. स्त्रियांत नऊ टक्के, पुरुषांत ५.८. गावात ८.४, शहरात ५.३. हा फरक आजाराचा किती आणि चाचणीचा किती, अशी शंका कोणीही घेईल. संशोधकांनीही घेतली. म्हणून निव्वळ गुणांवर न थांबता घरच्यांकडून माहिती घेतली आणि तज्ज्ञांनी एकमताने श्रेणी ठरवली. तरीही फरक उरला. शाळा न मिळाल्याने आजाराचा धोका वाढतो आणि आजार नसतानाही गुण कमी पडतात. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असू शकतात. चांगली मानके त्या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवतात.

याची उलट बाजू बल्लभगढने दाखवली होती. तिथे ५५ वर्षांपुढच्या ५,१२६ लोकांची पाहणी झाली, त्यांत ७३ टक्के निरक्षर. पासष्टीपुढच्यांत डिमेन्शिया निघाला अवघा १.३६ टक्का. तो इतका कमी का, यावर बरीच चर्चा झाली. एक कारण आपल्या ओळखीचे आहे. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाला आयते ताट मिळते, पैसे मुलगा सांभाळतो, बाजार सून करते, तिथे त्या माणसाचे काय अडते हे कळायला मार्गच राहत नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विसरणे माफ होते. म्हणूनच त्या गटाने रोजच्या जगण्यातल्या क्षमतांची स्वतंत्र प्रश्नावली भारतासाठी तयार केली. गुणांचे मानक आणि व्यवहाराचे मानक, दोन्ही इथल्या मातीतले हवे. धनादेश भरता येतो का, हा प्रश्न कामाचा नाही. आठवडी बाजारातून मोड बरोबर आणते का, भाकरी तव्यावर विसरते का, पेरणीच्या वेळी बियाण्याची मोजणी चुकते का, रोजच्या पायवाटेवर थबकते का, हे विचारायला हवे. आणि प्रत्येक ठिकाणी आणखी एक पोटप्रश्न : पूर्वी हे नीट जमत होते का?

मराठीला हा विषय परका नाही, हेही सांगायला हवे. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी रूपांतर केले आणि १९४० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत कसोटी आजही वापरात आहे. १९५५ साली चंद्रमोहन भाटिया यांच्या कृतिकसोट्यांत साक्षर आणि निरक्षर मुलांची मानके वेगळी दिलेली होती. मुलांसाठी पाऊणशे वर्षांपूर्वी जे सुचले, ते म्हाताऱ्यांसाठी उशिरा सुचले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अलीकडे बोधात्मक चाचण्यांचा जो संच केला, तो पहिल्यांदा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत आला. त्या पाचांत मराठी नव्हती. परदेशी चाचण्यांची मराठी भाषांतरे मिळतात. पण भाषांतराला मानके चिकटून येत नाहीत, आणि पुण्याच्या सेवानिवृत्त कारकुनावरून केलेली मानके समुद्रपूरच्या शेतमजुराला लागू पडत नाहीत.

कामत यांच्या कसोटीपासून दुसराही धडा घ्यावा. मानके शिळी होतात. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले, की पिढ्यानुपिढ्या लोकांचे चाचण्यांतले गुण वाढत जातात. वर्ध्याची आजची सत्तरीची बाई बहुधा शाळेत गेलेली नाही; आणखी वीस वर्षांनी सत्तरी गाठणारी बाई दहावी-बारावी झालेली असेल, मोबाइलवर पैसे पाठवणारी असेल. आजचे मानक तिला लावले, तर सुरुवातीचा आजार निसटून जाईल. म्हणून मानकांवर साल छापलेले असावे आणि दर दहा-पंधरा वर्षांनी ती पुन्हा तपासावीत.

हे काम वर्धा जिल्ह्यात होण्याजोगे आहे. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नय्यर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली, देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. तिथला विद्यार्थी पहिल्याच वर्षी गावात राहायला जातो आणि ते गाव त्याच्या तुकडीचे होते. सावंगीलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. याच सेवाग्रामच्या परिसरात डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेणारी आरोग्यविम्याची योजना चालवली. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त ज्वारी द्यायची, पण उपचार मात्र सगळ्यांना गरजेप्रमाणे. मोजताना परिस्थिती पाहायची आणि देताना माणूस पाहायचा, हे तत्त्व या जिल्ह्याने आधीच राबवून दाखवले आहे. वर्षानुवर्षे त्याच गावांत जाण्याची जी शिस्त मानकांना लागते, ती इथे आहे. कमी आहे ती फक्त ठरवण्याची.

तोवर काय करायचे, यासाठी पुढची पाने आहेत. ती निवासी डॉक्टर, समुपदेशक, मानसशास्त्राचे विद्यार्थी आणि आशाताई यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. वाचताना चार गोष्टी मनाशी धराव्यात. चाचणीआधी चष्मा आणि कान तपासा. मोतीबिंदू पिकलेल्या माणसाला चित्र दाखवून त्याच्या मेंदूबद्दल मत बनवू नका. त्याच्या बोलीत विचारा, आणि उत्तर सुचवायला टपलेल्या घरच्यांना थोडे दूर बसवा. गुण कमी आले तर आधी नैराश्य, थायरॉइड, बी-बारा, रोजच्या गोळ्या पाहा, कारण यांतले बरेच सुधारण्यासारखे असते. आणि माणूस शिकलेला नाही म्हणून ‘चालायचेच’ असे म्हणून त्याला परत पाठवू नका. निरक्षर माणसालाही डिमेन्शिया होतो, आणि त्याचे निदान चुकले तर त्याचा सातबारा, औषध आणि मान, तिन्ही पणाला लागतात.

शेवटी एक विनंती. तपासणीच्या कागदावर गुण लिहिताना त्याखाली तीन ओळी जरूर लिहाव्यात : शाळा किती आणि कुठली, घरची बोली कोणती, आणि मानक कोणत्या लोकांवरून, कोणत्या साली केलेले. या तीन ओळी कोऱ्या असतील, तर त्या आकड्यावर कोणाचेही निदान बेतू नये.